मीठ राखाडीच असतं, टीचर

बालरथ, म्हणजे आमची शाळेची बस, फाटकातून निघाला तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते. आत सातवीची बावीस मुलं, पालकांच्या सह्या घेतलेली पत्रं, पाच मोबाईल, कॉलरला लावायचे दोन माईक आणि एक ट्रायपॉड. ट्रायपॉडचा एक पाय रबरबँडने बांधलेला. ड्रायव्हरने विचारलं, "टीचर, पिकनिक?" मी म्हटलं, शूटिंग. तो हसला.

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी मराठी शिकवते. आमची बहुतेक मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात, पाचवीत इंग्रजी माध्यमात येतात आणि घरी कोकणीत भांडतात. सातवीला निबंध लिहायला सांगितला की वाक्य या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकून पडतं. 'माझे गाव' या विषयावर मला बावीस वेळा 'माझे गाव निसर्गरम्य आहे' वाचायला मिळालं, त्या रात्री मी ठरवलं की यांच्या हातात पेनाऐवजी फोन देऊन बघू.

या प्रकाराला डिजिटल स्टोरीटेलिंग म्हणतात. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डेना अॅचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याची कार्यशाळा घडवली. दोन-तीन मिनिटांची गोष्ट, स्वतःची आणि स्वतःच्याच आवाजात. आधी सगळ्यांनी गोल करून बसायचं, एकेकाने आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. फोटो, व्हिडिओ, संगीत हे सगळं त्यानंतर. मी हे नीट वाचलं होतं आणि नेमकं उलट केलं. कॅमेरा आधी शिकवला. मुलांना तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही. दरवर्षी इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीला जाऊन सिनेमे बघणाऱ्या बाईला आपणही काहीतरी दिग्दर्शित करावं असं वाटणारच.

पहिले तीन आठवडे फोन आडवा धरा एवढंच सांगण्यात गेले. रील्समुळे यांचा हात उभाच. प्रत्येक क्लिपची सुरुवात "हाय गाईज" आणि शेवट "सबस्क्राइब करा". वर्गातल्या ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे का धावतात ते मात्र त्यांनी पटकन पकडलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो, त्यांचा ताल जुळत नाही. २५ केली की पट्टे थांबतात. निबंधात मुलं मला इतकी हुशार कधी दिसली नव्हती.

त्या शनिवारी आम्ही आगरवाड्याला निघालो होतो. शापोरा नदीकाठचं गाव, नावातच आगर. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा अजून तिथे मिठागर करतात. हा मुलगा शेवटच्या बाकावरचा, हजेरीला "प्रेझेंट" म्हणतो आणि दिवसभराचं बोलणं तिथेच संपवतो. त्याच्या गटाने लिहून आणलेली संहिता मात्र दणदणीत होती. "गोव्यातील मिठागरांना प्राचीन परंपरा आहे. १८७८ साली पोर्तुगीज आणि ब्रिटिश यांच्यात करार होऊन गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. हा करार १८९२ पर्यंत टिकला..." सगळं खरं. ते गटातल्या चष्मेवालीने शोधलेलं, वाचणारही तीच. नातवाचं काम काय, तर ट्रायपॉडचा तो पाय धरून ठेवणं. मी संहितेवर 'छान' लिहून सही केली होती.

मिठागर आधी पाहिलं नसेल तर एवढं सांगते. पावसात तिथे नुसतं पाणी असतं. पावसाळा सरला की पाणी काढून बांध मातीने लिंपतात, खाचरांचा तळ पायांनी तुडवून, चोपून सपाट करतात. मग भरतीला मानस उघडायची (मानस म्हणजे बांधातली लाकडी झडप) आणि खाडीचं पाणी आत घ्यायचं. ते एका खाचरातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं. शेवटच्या उथळ खाचरात मीठ धरतं. लांब दांड्याच्या फळीने ते ओढून बांधावर ढीग लावतात. पहिल्या पावसापर्यंत हे चालतं. अवेळी एक सर आली तरी दिवसांची मेहनत पाण्यात.

आठच्या सुमारास उन्हं वर आली आणि मिठाच्या ढिगावर आम्ही पहिला क्लोजअप घेतला. पडद्यावर मीठ मळकट, सिमेंटसारखं. मला याच क्षणाची वाट होती, धडा तयारच होता. फोनचा कॅमेरा समोरचं सगळं सरासरी मध्यम करडं असणार असं धरून चालतो. पडदाभर पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो चित्र काळवंडून टाकतो. चर्चमधल्या लग्नात पांढऱ्या गाऊनमधली नवरी फोटोत मळकी दिसते ती याच्यामुळे. उपाय सोपा. पडद्यावर बोट दाबून ठेवा, सूर्याचं चिन्ह येईल, ते वर ओढा. मी ओढलं. मीठ पांढरंशुभ्र झालं. मुलं "वाऽ" म्हणाली.

"टीचर, आमचं मीठ असं नसतं."

ट्रायपॉडच्या पायापाशी बसलेला नातू बोलला होता. मी म्हटलं, बाळा, कॅमेरा फसवतो आपल्याला. तो उठला, ढिगातून मूठभर मीठ आणून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "बघा. मीठ राखाडीच असतं, टीचर. तुम्ही केलं ते दुकानातलं. पिशवीतलं."

हातावरचं मीठ खरंच राखाडी होतं. जाड, ओलसर, मातीची झाक असलेलं. एवढी वर्षं याच तालुक्यात राहून, आंब्याच्या लोणच्याला आणि खाऱ्या माशांना हेच मीठ वापरून मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

आजोबा बांधावरून ऐकत होते. फळी खाली न ठेवता म्हणाले, "वयलें धवें, सकयलें काळें." वरचा थर अलगद ओढला तर तो पांढरा, तो घरात. तळाचं मातीला लागलेलं माडाच्या मुळांत. मग पेच आला. कॅमेऱ्याचा रंग खरा की माझा? तोडगा चष्मेवालीने काढला. तिने १८७८ च्या कराराचा कागद उलटा करून मिठाशेजारी ठेवला आणि कागद पांढरा दिसेपर्यंत उजेड वर नेला. कॅमेऱ्याने दाखवलं त्याहून मीठ उजळ निघालं आणि मी केलं त्याहून काळं. नातवाने वाकून पडदा पाहिला आणि मान हलवली. चालेल.

मुलाखत घ्यायला नदीच्या बाजूला बसलो. आजोबांची अट एकच: "तोंड नाका, हात काड." चेहरा नको, हात घ्या. मला वाईट वाटलं, काय चेहरा होता! पण अट ती अट. ते वीस मिनिटं बोलले. मधेच मोपा विमानतळाच्या दिशेने विमान गेलं, ते थांबले, विमान गेल्यावर पुन्हा सुरू. वडिलांबरोबर पहिल्यांदा खाचर तुडवताना मीठ पायांच्या भेगांत कसं झोंबलं ते सांगितलं. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून बंदी आली, त्याबद्दलही बोलले, जरा तिखटच. मुलं ऐकत होती. मी हातांच्या चौकटीकडे बघत होते.

शाळेत येऊन इअरफोन लावले तर वीस मिनिटं नुसता वारा. माईकवरची स्पंजची टोपी कधीच हरवली होती, आणि निघण्याआधी एकदा ऐकून बघायचं हे बावीस जणांना तीन आठवडे बजावणारी मी स्वतःच विसरले होते. विमान तेवढं स्वच्छ ऐकू येत होतं.

नातू सोमवारी निरोप घेऊन आला. आजोबा पुन्हा बोलणार नाहीत. "एकदां सांगलें न्हय?" एवढंच म्हणाले.

गटात सन्नाटा. चष्मेवाली म्हणाली, मी वाचते ना, संहिता आहेच. मी नातवाला विचारलं, तुला किती आठवतंय? तो म्हणाला, "सगळं. ते दर वर्षी सांगतात."

वर्गात आवाज घुमतो, म्हणून रेकॉर्डिंगला उभा असलेला बालरथ निवडला. फोमच्या सीटा, खिडक्या बंद, माईकला कुणाचा तरी धुतलेला मोजा. आत भट्टी. बाकी सगळ्यांना मी बाहेर काढलं आणि त्याला एकट्याला सांगू दिलं. तो मराठीत सुरू झाला, 'माझे आजोबा मीठ पिकवतात', आणि तिसऱ्या वाक्याला 'आजोबा'चा 'आजो' झाला. पुढे मराठी आणि कोकणी पाणी-मिठासारखी. मी मराठीची शिक्षिका, लाल पेन हातात असतंच माझ्या. त्या दिवशी ते पर्समध्ये राहिलं. आजोने पायांच्या भेगांबद्दल जे सांगितलं होतं ते त्याने सांगितलं, आणि वर एक भर घातली जी आजोने आम्हाला सांगितली नव्हती: गेल्या वर्षी अवेळी पाऊस आला त्या रात्री आजो जेवला नाही. घामाने भिजून तो बाहेर आला. बारा मिनिटं बोलला होता. सातवीच्या अख्ख्या वर्षात मिळून तो माझ्याशी इतका बोललेला नाही.

काटछाट पुढचे चार दिवस चालली. १८७८ चा करार गेला, चष्मेवाली थोडी रुसली, मग तिनेच मराठी सबटायटल्स घातली. व्हिडिओ दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा झाला. शेवटी काय ठेवायचं यावर मी हट्ट धरला. मानस उघडल्यावर पाणी चमकत आत येतं तो शॉट इतका सुंदर होता की तो शेवटचाच हवा. मिठाचा ढीग, त्यानंतर ते पाणी, अंधार. मुलं तयार झाली.

आजोबांना दाखवायला पुढच्या शनिवारी आम्ही पाच जण गेलो. बांधावर बसून, फोन उन्हापासून पंच्याने झाकून त्यांनी पाहिला. नातवाचा आवाज सुरू झाला तेव्हा ते फोन कानाशी घेऊन ऐकू लागले, चित्र बघायचंच थांबले. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. या वेळी चित्र पाहिलं, आणि शेवटाला भुवया वर गेल्या.

"मीठ काडले उपरांत उदक सोडलें?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "बाये, मागीर मीठ खंय?"

मीठ काढून ढीग घातला आणि वरून पाणी सोडलं, तर मीठ उरणार कुठे? नातवाने मान खाली घातली, खांदे हलत होते, हसू आवरत नव्हतं. मी फोन त्याच्याकडे दिला. त्याने तिथेच बांधावर बसून एडिटिंगचं अॅप उघडलं, शेवटचा शॉट बोटाने धरला आणि ओढत ओढत अगदी पहिल्या जागी नेऊन ठेवला.