सहा मिनिटांच्या आतला मैल: माझा अनुभव

मैल म्हणजे 1609.344 मीटर. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या पूर्ण करूनही 9.34 मीटर उरतात, म्हणून मैलाची सुरुवात अंतिम रेषेच्या तेवढी मागे आखलेल्या रेषेवरून करावी लागते. हे अंतर सहा मिनिटांच्या आत धावायचे, असे मी गेल्या पावसाळ्यात ठरवले. त्याआधी अनेक वर्षे मी गुहागरच्या किनाऱ्यावर सकाळी नेमाने धावत होतो, त्यामुळे दहा-बारा किलोमीटरची सवय पायांना होती. परंतु ठरावीक वेग धरून, दम लागल्यावरही तो न सोडता धावणे ही निराळीच विद्या आहे.

प्रथम हिशेब मांडला. 360 सेकंदांत मैल पुरा करायचा तर 400 मीटरची प्रत्येक फेरी साडेएकोणनव्वद सेकंदांत आणि 200 मीटर पावणेपंचेचाळीस सेकंदांत झाले पाहिजेत. सुरुवातीच्या त्या नऊ मीटरांनाही दोन सेकंद लागतात, आणि ते हिशेबात धरले नाहीत तर दर फेरी नव्वद सेकंदांत धावणारा माणूस सहा मिनिटे दोन सेकंदांवर पोहोचतो.

पावसाळ्यात वेगाचा सराव करण्यासारखी जमीन आमच्याकडे उरत नाही. मैदानात चिखल असतो, जांभ्यावर शेवाळ धरलेले असते आणि समुद्र खवळलेला असल्याने पुळणही धोक्याची होते. म्हणून ते महिने मी डांबरी रस्त्यावर संथ धावण्यासाठी दिले आणि त्याचा मला मोठा फायदा झाला. सहा मिनिटांच्या धावण्यात लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार-पंचमांश भाग प्राणवायूच्या साहाय्यानेच तयार होतो. उरलेला भाग प्राणवायूवाचून तयार होतो, आणि त्यावर अधिक भार पडला की स्नायूंतील आम्लता वाढून पाय जड होतात. अंतर कमी आहे म्हणून केवळ जोरात पळण्याचा सराव करावा, हा समज त्यामुळेच चुकीचा आहे.

दसऱ्यानंतर वेगाचा सराव सुरू झाला आणि तेव्हा माझे वेळापत्रक वारावर न राहता तिथीवर गेले. धावण्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली, ओली आणि घट्ट वाळू. तिथीला पाऊणने गुणले की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास असते, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. आणि ही उधाणाची भरती-ओहोटी असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा दूरवर गेलेले असते. अष्टमीला मात्र सकाळी सहालाच भरती येऊन ठेपते आणि सुरुबनाच्या कडेची भुसभुशीत वाळू तेवढी शिल्लक राहते, जिच्यात वेग तर मिळत नाहीच, उलट पोटऱ्या भरून येतात. म्हणून चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी मी मुख्य सरावासाठी राखून ठेवल्या आणि अष्टमीच्या आसपास गावाबाहेरच्या चढावर धावलो. चढावर सुमारे एक मिनिट जोर लावून वर जायचे आणि चालत खाली यायचे. या व्यायामाने पायांत जी ताकद आली तिचा उपयोग पुढे शेवटच्या फेरीत झाला.

पुळणीवर टेप धरून मी 400 मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना बांबू रोवले. वाळू समुद्राकडे उतरती असल्यामुळे एकाच दिशेने धावले तर एका पायावर सतत जास्त ताण येतो, म्हणून एक खेप उत्तरेला तर पुढची दक्षिणेला अशी पद्धत ठेवली. सकाळी वारा बहुधा जमिनीकडून येतो आणि दोन्ही दिशांना सारखाच आडवा लागतो, त्यामुळे वेळा एकमेकींशी ताडून पाहता येत. 400 मीटर नव्वद सेकंदांत धावायचे, मग दोन-तीन मिनिटे चालायचे आणि पुन्हा तेच, हा सरावाचा गाभा होता. आरंभी चार खेपांनी मी थकत असे. दिवाळी उलटून हवेतला दमटपणा कमी झाला तशा या खेपा आठवर गेल्या. शिवाय आठवड्यातून एकदा, तुटक वाक्येच बोलता येतील इतक्या वेगाने वीस मिनिटे सलग धावत होतो.

माझा भाचा या सर्व काळात घड्याळ घेऊन टोकाला उभा असे. त्याने एक नियम घातला, आणि माझ्या मते संपूर्ण तयारीत सर्वांत मोलाचा तोच. खेप संपली की तो वेळ सांगत नसे. ‘मामा, आधी तुम्ही सांगा किती झाले,’ असे म्हणून तो थांबे. पहिल्या आठवड्यांत माझा अंदाज चार-पाच सेकंदांनी चुकत असे. डिसेंबरपर्यंत तो एका सेकंदाच्या आत येऊ लागला. वेगाची जाण अंगात मुरली पाहिजे, कारण सुरुवातीच्या उत्साहात शरीर धावणाऱ्याची फसगत करते आणि ताज्या पायांना सत्त्याऐंशीचा वेगसुद्धा संथ भासतो. रॉजर बॅनिस्टर यांनी 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डमध्ये चार मिनिटांच्या आत पहिला मैल धावला, तेव्हा त्यांनाही पहिल्या फेरीत वेग कमी वाटला होता आणि पुढे धावणाऱ्या ख्रिस ब्रॅशर यांना त्यांनी ओरडून तो वाढवायला सांगितले. ब्रॅशर यांनी आपला वेग बदलला नाही. ती फेरी प्रत्यक्षात साडेसत्तावन्न सेकंदांत झाली होती, म्हणजे हव्या त्या सरासरीपेक्षा वेगवानच होती.

बॅनिस्टर यांच्या पुढील तीन फेऱ्या 60.7, 62.3 आणि 58.9 सेकंदांच्या होत्या आणि एकूण वेळ 3 मिनिटे 59.4 सेकंद. यातील तिसरी फेरी सर्वांत मंद आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पहिल्या फेरीत अंगात जोर असतो, दुसरी त्या ओघात निघून जाते आणि चौथीत शेवट समोर दिसतो. तिसऱ्या फेरीत दम तर लागलेला असतो आणि शेवट अजून लांब असतो. वेग नकळत तिथेच गळतो. म्हणून त्या फेरीसाठी मी वेगळा सराव केला: 800 मीटर तीन मिनिटांत धावायचे, केवळ तीस सेकंद थांबायचे आणि श्वास पुरता स्थिर होण्याआधीच पुढचे 400 मीटर नव्वद सेकंदांत काढायचे. हा सराव अतिशय कठीण आहे आणि तो पंधरवड्यातून एकदाच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जानेवारीच्या अखेरीस चिपळूणच्या बाजूला 400 मीटरच्या एका मातीच्या ट्रॅकवर आम्ही गेलो. आधी दोन किलोमीटर संथ धावून, शंभर-शंभर मीटरच्या चार मोकळ्या धावा घेऊन मी अंग तापवले. भाच्याने टेपने नऊ मीटर चौतीस सेंटिमीटर मोजून फक्कीची रेषा मारली. पहिली फेरी, ते नऊ मीटर धरून, एक्क्याण्णव सेकंदांत झाली आणि ती मला अपेक्षेप्रमाणे सोपी वाटली. दुसरी नव्वद. तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच वळणावर खांदे वर चढू लागले. ते सैल सोडून मी हातांची लय धरून ठेवली, कारण हात मंदावले की पाय त्यांच्यामागे मंदावतात, आणि संपूर्ण फेरीकडे न पाहता पुढचे 200 मीटर तेवढे मनात ठेवले. तीही नव्वदमध्ये आली. ‘मामा, चार एकतीस!’ ही हाक ऐकली तेव्हा सहा मिनिटे पुरी व्हायला एकोणनव्वद सेकंद हाताशी होते, आणि चढावर कमावलेली ताकद खर्च करण्याची वेळ आली होती. शेवटची फेरी शहाऐंशी सेकंदांत झाली. एकूण 5 मिनिटे 57 सेकंद.

पुढच्या मोसमासाठी 5 मिनिटे 50 सेकंदांचा हिशेब मांडला आहे. त्यासाठी दर फेरी सत्त्याऐंशी सेकंदांची लागेल, म्हणून 200 मीटरच्या एक्केचाळीस-बेचाळीस सेकंदांच्या खेपा वाढवायच्या आहेत, आणि तीस सेकंदांची विश्रांती वीसवर आणायची आहे.