नदीला कधी जायचं?

पितृपंधरवडा संपत आला, घट बसायचे दिवस तोंडावर आले, आणि सणाआधीच्या धुण्यासाठी यंदा कुणी विचारलं नाही, "नदीला कधी जायचं गे?" एवढंच झालंय. तरी दोन दिवस माझं कशात लक्ष लागत नाही.

काल वहिनींच्या गच्चीवर वाकळा वाळत घातलेल्या दिसल्या. "मशीनला लावलो की," म्हणाल्या, "एकेक करून. तू येशील म्हणून वाट बघितलो खरं पाणी आलतं, म्हटलं उरकून टाकू." त्यांचं काही चुकलं नाही. घरी येऊन मला मात्र रडू आलं. ते वाकळांपायी नव्हतं.

कशापायी, तेच शोधतेय.

नदीचं धुणं म्हणजे कष्टच. सगळ्या घराचं अंथरूण-पांघरूण, कांबळी, वाकळा, पडदे, गाठोडी बांधून टेंपोत टाकायची. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आणि उलट्या दिशेनं पीळ घालायचा. मग काठावरच्या गवतावर पसरायचं. वाळेपर्यंत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि बोलणं. सकाळी गेलं की दिवेलागणीला परत. अंग आंबून जायचं, पण त्या रात्री झोप लागायची तशी एरवी वर्षभर लागत नसे.

मी चंदगड तालुक्यातली. १९५६ च्या आधी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. मग आमचा तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. लग्न होऊन बेळगावजवळ कंग्राळीत आले तेव्हा या गल्लीत माझ्याशी कोण बोलणार अशी धास्ती होती. सासूबाईंनी त्या वर्षी पीळ धरायला म्हणून नदीला नेलं. संध्याकाळपर्यंत मला कळलेलं, कुणाची सून कुठली, कुणाचा मुलगा मिलिट्रीत, कुणाचं भात कुणाच्या बांधाला लागून, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात कुणाच्या घरातलं कोण लाठ्या खाऊन आलं, १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला कोण न चुकता जातं. हे मला घरात बसून कुणी सांगितलं नसतं. ह्यांनी तर नाहीच.

नदीही तीच राहिलेली नाही म्हणा. बैलूरच्या डोंगरातून निघालेली मार्कंडेय राकसकोपला अडते आणि शहर तिचं पाणी पितं. उरलेली उचगाव, कंग्राळी, काकती करत पुढं जाते. जुलैत पेपर आला की मामंजी आधी राकसकोपची पातळी बघायचे. २४७५ फूट म्हणजे धरण भरलं, आता वेस्टवेअरचे, म्हणजे सांडव्याचे, दरवाजे उघडणार, आणि नदीकडेच्या भाताचं काय होणार हे ते चहा संपायच्या आत सांगायचे. २०१९ च्या ऑगस्टात अंदाज बांधायलाही सवड मिळाली नाही. त्या पुरात धुण्याचे दगड गाळात गेले, ते अजून पुरते वर आलेले नाहीत. उन्हाळ्यात जलपर्णी, पाण्याला वास. काठावर भात होतं तिथं प्लॉट पडलेत. माळावर रताळी अजून लावतात, तेवढं बरं.

म्हणजे न जायला कारणं आहेत. हे मी स्वतःला काल रात्रीपासून सांगतेय. पोरी उद्यमबागेत ड्यूटीला जातात, त्यांना एक रविवार मिळतो. मोठ्या जाऊबाईंचे गुडघे... असो.

तरी विचारायचं होतं कुणीतरी. "जमणार नाही" असं म्हणायला का होईना. मला नदी हवी होती की बोलावणं? बोलावणंच बहुतेक. सासूबाई गेल्यापासून तर जास्तच. त्यांच्या वाकळेत त्यांच्याच दोन लुगड्यांचे पदर आहेत, ती मशीनला लावायला माझा हात होत नाही.

आज दुपारी पलीकडच्या लेआउटमधल्या गोकाककडच्या बाई आल्या. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "अक्का, अंथरूण धुवायला इथं नदीला कुठं जातात?" खरं सांगते, आधी जीव खट्टू झाला. विचारलं तर यांनी. इतकी वर्षं जिच्यासोबत पीळ घातला अशा एकीनं नाही.

पण बसल्या, चहा झाला. त्यांचं माहेर गोडचिनमलकीजवळ. धबधबा आहे तो आमच्याच मार्कंडेयचा. इथून गेलेलं पाणी तिकडं कड्यावरून पडतं आणि मग घटप्रभेला मिळतं. सणाआधी त्यांच्याकडंही सगळं धुणं नदीलाच. "मशीनला घाण निघत नाही," म्हणाल्या. हेच वाक्य सासूबाईंचं. मी कन्नड तोडकं बोलले, त्या मराठी तोडकं, आणि तासभर कसा गेला कळलं नाही. जाताना त्यांनी माझी वाकळ हातात घेऊन टाके बघितले. कुणी शिवली विचारलं. सांगितलं.

बायका सगळ्या येणार नाहीत आता. नाही तर नाही. दोघी लागतात पीळ धरायला, आणि दोघी आहोत.

पुलाच्या वरच्या अंगाला पाणी बरं आहे. पाऊस उघडला तर परवा जायचं ठरलंय. रिक्षात गाठोडी मावणार नाहीत, टेंपोचं त्या घरी मालकांना विचारून सांगणार आहेत. वहिनींनाही फोन केला. त्यांचं सगळं धुऊन झालंय, पण "कांबळं राहिलंय बघ एक," म्हणाल्या.