दहा सेकंदांचे स्वगत

रविवार, रात्री

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आज दुपारी चार-पाच मित्रमैत्रिणींनी मिळून मोठ्याने वाचले. बेणारेबाईंच्या वाट्याचे संवाद माझ्याकडे होते. नाटक पूर्वी वाचले होते; पण दुसऱ्याचे हसणे स्वतःच्या तोंडून हसावे लागते, तेव्हा त्या हसण्यात किती काय कोंबून भरले आहे हे कळते. म्हणून झोपण्यापूर्वी हे लिहून ठेवते.

१९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने हे नाटक रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे या शिक्षिकेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. गावोगाव अभिरूप न्यायालयाचे, म्हणजे खोट्या खटल्याचे, प्रयोग करणारी मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात आली आहे आणि रात्रीच्या प्रयोगाला अजून अवकाश आहे, एवढीच सुरुवातीची परिस्थिती. बेणारे गावातल्या सामंताबरोबर सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचते. दाराच्या कडीत बोट चेमटले तरी तिचे बोलणे थांबत नाही. ती गाणे गुणगुणते, मंडळींतल्या प्रत्येकाची टर उडवते, आपल्या शाळेविषयी आणि वर्गातल्या मुलांविषयी भरभरून सांगते, आणि या सगळ्या ओघात शाळेत आपली चौकशी चालू असल्याचा उल्लेख येऊन जातो, न येतो तोच ती पुढच्या विषयावर गेलेली असते. सामंतासारख्या भाबड्या, अनोळखी माणसापुढे इतके बोलण्याची गरज तिला का भासते, हा प्रश्न वाचताना पडला, आणि मला वाटते त्याचे उत्तर त्याच्या अनोळखी असण्यातच आहे. त्याला तिच्याबद्दल काही माहीत नाही, म्हणून त्याच्यापुढे ती जशी दाखवेल तशीच असू शकते.

मग ती हातपाय धुवायला आत जाते आणि बाकीचे तिच्या अपरोक्ष ठरवतात की, सामंताला कोर्टाची पद्धत समजावी म्हणून लुटुपुटूचा खटला भरवायचा आणि आरोपी बेणारेला करायचे. ती बाहेर येते तेव्हा तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. इथे ती क्षणभर गोठते. वाचताना मीही थांबले, कारण पुढचा संवाद हसून म्हणायचा की हसण्याचा प्रयत्न करत म्हणायचा, हे ठरवता येईना. तेंडुलकर त्या क्षणाचे काहीच स्पष्टीकरण देत नाहीत. थोड्याच वेळात बेणारे सावरते आणि चेष्टामस्करी करत खेळात सामील होते, आणि तिची खरी शोकांतिका मला शेवटच्या अंकापेक्षा या सावरण्यात अधिक दिसते. तिला तिथून उठता आले असते. पण उठणे म्हणजे आरोप लागू पडला असे कबूल करणे. म्हणून हसत बसून राहण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही. तिने स्वतःच्या रक्षणासाठी जो हसरा चेहरा धारण केला आहे, तोच तिला त्या पिंजऱ्यात उभा करतो.

समोरच्या मंडळींनीही चेहरे चढवलेलेच आहेत, आणि त्यांच्याविषयी वाचताना मला फार राग आला. सुखात्मे हा न चालणारा वकील, पोंक्षे इंटर नापास, काशीकर दांपत्याला मूल नाही. प्रत्येकाच्या आत एक सल आहे आणि खेळातले पद मिळताच तो सल दुसऱ्यावर उगवण्याची मुभा त्यांना मिळते. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले काशीकर घरच्या दिवाणखान्यात जे विचारू धजले नसते, ते इथे खुशाल विचारतात, कारण हे सगळे ‘गंमत म्हणून’ चालले आहे. सामंत तर साक्ष देताना हातातल्या कादंबरीतला मजकूर आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतो आणि ते रचलेले प्रकरण बेणारेच्या प्राध्यापक दामलेशी असलेल्या संबंधाशी जाऊन भिडते. पुढे मंडळींतल्याच पोंक्षे, रोकडे आणि कर्णिक यांना कादंबरीची गरज पडत नाही. तिने विश्वासाने सांगितलेले आणि तिच्याविषयी कानावर आलेले सगळे ते साक्षीच्या नावाखाली उघड्यावर मांडतात.

अखेर काशीकर आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद देतात. बाकीची पात्रे जिथल्या तिथे थिजतात आणि बेणारे बोलू लागते: कोवळ्या वयात मामावर जडलेले प्रेम, ते सगळ्यांनी पाप ठरवणे, मरण्याचा प्रयत्न, पुढे एका विद्वान माणसाच्या बुद्धीची तिने केलेली पूजा आणि त्याने घेतलेला फक्त देहाचा भोग, पोटातले मूल. काही पाने ती बोलते, आणि रंगमंचावरच्या एकाही माणसापर्यंत त्यातला शब्द पोचत नाही. घड्याळाप्रमाणे दहा सेकंद संपतात आणि काशीकर निकालाकडे वळतात.

वाचन संपल्यावर एका मित्राने आक्षेप घेतला की, इतक्या वास्तव वळणाच्या नाटकात हे लांबलचक स्वगत उपरे वाटते. ती गप्प राहिली असती तर परिणाम अधिक खोल झाला असता. आक्षेप विचार करण्यासारखा आहे आणि मी संध्याकाळभर तो घोळवत होते.

काझुओ इशिगुरो यांच्या १९८९ सालच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या कादंबरीत त्या मित्राला हवे तसे मौन आहे. स्टीव्हन्स हा इंग्रज बटलर. लॉर्ड डार्लिंग्टन यांच्या घरी १९२३ मध्ये मोठी परिषद भरलेली असताना वरच्या खोलीत त्याचे वडील मरतात आणि तो खाली पाहुण्यांची सरबराई करत राहतो. ‘मी रडलो’ असे तो कुठेही लिहीत नाही. मालक त्याला विचारतात की तू रडतो आहेस की काय, तेव्हा आपल्याला कळते. तो रुमालाने चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या श्रमाचे कारण सांगतो. त्याच घरातली हाउसकीपर मिस केंटन बंद दाराआड रडत असेल असे वाटून तो दाराबाहेर उभा राहतो, पण दार ठोठावत नाही, आणि वर्षांनंतर ती आठवण नेमकी कोणत्या संध्याकाळची याचाही त्याचा गोंधळ होतो. त्याने भावना इतक्या दडपल्या आहेत की त्यांचा हिशेब त्याच्यापाशीही राहिलेला नाही. मला ही कादंबरी अतिशय प्रिय आहे. तरीही स्टीव्हन्सचे मौन बेणारेला देता येणार नाही असेच मला वाटते, कारण स्टीव्हन्सला स्वतःपासूनच लपायचे आहे, आणि बेणारेला स्वतःबद्दल सगळे लख्ख ठाऊक आहे. तिच्यापाशी फक्त सांगायला माणूस नाही.

सांगायला माणूस नसणे ही आपल्याकडच्या बायकांची किती जुनी अवस्था आहे, हे जात्यावरच्या ओव्या वाचताना जाणवते. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दिवसभर मान खाली घालून वावरणारी सासुरवाशीण पहाटे जात्याशी बसली की नवऱ्याचे, सासूचे, पाठवणी करून विसरलेल्या माहेराचे दुःख गात असे, आणि ते ऐकायला समोर जाते असे. अनेक ओव्यांत त्यालाच ईश्वर म्हणून साद घातलेली आहे. सासूच्या कानावर ते पडत नसेल असे नाही. पण ओवी ही दळणाची रीत होती, त्यामुळे ‘मी कुठे काय म्हटले, मी तर दळत होते’ असे म्हणायला तिला जागा राहत असे. बेणारेला तेवढाही आडोसा नाही. ती शहरात राहते, कमावते, आणि एकटी आहे.

म्हणून मित्राला उद्या असे सांगावे म्हणते. बेणारे त्या मंडळींच्या जागेपणी हे सगळे बोलली असती, तर सुखात्म्यांनी तिचे प्रत्येक वाक्य कबुलीजबाब म्हणून नोंदवून घेतले असते. तिने पोंक्षेला एकांतात जे सांगितले त्याचे काय झाले हे आपण नुकतेच पाहिलेले असते. ती पूर्ण गप्प राहिली असती, तर तिच्याविषयी इतरांनी जे सांगितले तेवढेच आपल्या हाती उरले असते, आणि प्रेक्षकही त्याच साक्षीपुराव्यावर विसंबून घरी गेले असते. तेंडुलकरांनी काळ थांबवला तो यासाठी की, तिचे म्हणणे आपल्याला कळावे आणि त्या खोलीतल्या कोणाच्याही हाती लागू नये. यात वास्तव वळण मोडते हे मान्य. पण त्या वास्तवात तिच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

आणि हेही त्याला दाखवायचे आहे की, पोटातले मूल नष्ट करण्याची शिक्षा सुनावून झाल्यावर ही माणसे लगेच पूर्वीसारखी वागू लागतात. तो खेळ होता, मनावर घेऊ नकोस, असे तिला समजावले जाते. रात्रीचा प्रयोग व्हायचा आहे, लोक येतील, आणि त्या प्रयोगासाठी त्यांना दुपारची हसरी, बडबडी बेणारेच हवी आहे.