तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेला सांगायचं का?

मुलावर मनाच्या आजाराचे उपचार चालू आहेत हे शाळेला सांगायचं का, हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही. केसपेपर होतो, डॉक्टर तपासतात, गोळ्या पिशवीत जातात आणि दारापर्यंत गेलेली आई मागे वळते. "मॅडम, शाळेत सांगायचं का हो?" पालकसभेनंतर विचारतात. एकदा लग्नाच्या पंगतीत विचारलं, मठ्ठा वाढता वाढता. ज्यांना ते प्रकरण माहीत आहे त्यांचा सूर वेगळा असतो: "अजून देता तुम्ही शाळांना चिठ्ठ्या?"

देते. कधी कधी देत नाही. एकदा काय ते सांगून टाकते.

मी सिव्हिलच्या मनोविकार विभागात सोशल वर्कर. औषधं डॉक्टर देतात, समुपदेशन सायकॉलॉजिस्ट करतात, माझं काम निरोप्याचं. हसू नका. पोटात दुखतं म्हणून मूल आधी बालरोगतज्ज्ञांकडे जातं, मग सोनोग्राफी, मग देवऋषी, मग आमच्याकडे. मध्येच कुठल्या रात्री १४४१६ वर, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावून रडलेलं असतं. दर ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगायचं. याचं त्याला कळावं म्हणून माझी नेमणूक. त्यामुळे 'सांगा' हेच माझं उत्तर असायचं. बेधडक.

करोनानंतर शाळा उघडल्या त्या वर्षीची गोष्ट. नववीतला मुलगा, वडील मुंबईत ड्रायव्हर. दप्तर भरायचा, फाट्यावर एस्टीची वाट बघायचा आणि गाडी आली की घरी परत. खाणं सुटलेलं, झोप नाही. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून औषध सुरू केलं. आईनं शाळेत सांगितलं होतं, कावीळ झालीय. दीड महिना कावीळच चालू होती. सर विचारत, रिपोर्ट आणा. मी तिला म्हटलं, कावीळ किती दिवस पुरणार? खरं सांगा, मी चिठ्ठी देते. ती नको नको म्हणत होती. मी पटवलं. पटवण्यात मी तरबेज आहे.

चिठ्ठी मला तोंडपाठ आहे. 'सदर विद्यार्थी औदासीन्य या विकारावर उपचार घेत असून त्यास शाळेने सहकार्य करावे, ही विनंती.' खाली सही, शिक्का.

वर्गशिक्षकांनी सहकार्य केलं. तो यायच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, त्याला कुणी त्रास द्यायचा नाही, त्याची सिव्हिलमध्ये डोक्याची ट्रीटमेंट चालू आहे, आपण समजून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव 'येरवडा' पडलं होतं. येरवडा म्हणजे तिथलं मेंटल हॉस्पिटल, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. तो चार दिवस गेला. पाचव्या दिवशी फाट्यापर्यंतसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी आईनं त्याला ओपीडीत आणला. तो बसला नाही.

"चिठ्ठी बघू माझी."

फाईलमध्ये झेरॉक्स होती, दिली. ओळीखाली बोट धरून वाचत गेला, पहिलीतली मुलं वाचतात तसं. एका शब्दावर थांबला.

"औदासीन्य म्हणजे?"

"मन उदास राहणं. काही करावंसं न वाटणं."

"मग तसं लिहायचं ना."

मी गप्प. मग आईशी बोलून ठरवलं होतं, असं काहीतरी पुटपुटले.

"मी बाहेर बाकावरच होतो की तेव्हा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. झेरॉक्स घडी घालून खिशात ठेवली. फाईलची प्रत आहे, परत दे, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

कायद्यानं म्हणाल तर मी चुकले नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २३ वं कलम गोपनीयतेचं. माहिती कुणाकुणाला देता येते हे त्यात मोजून दिलंय, शाळा त्यात नाही, म्हणून मी आईची सही घेतली होती. अठराच्या आतल्या मुलाच्या वतीनं पालकच ठरवतात. सही अजून फाईलला आहे. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता माझंच मला खोटं वाटतं. सही होतीच. तोही होता, दाराबाहेर, आठ पावलांवर.

शिक्षकांना फोन केला तो भांडायलाच. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्याच ट्रेनिंगला होतो मी. तुम्ही म्हणालात, साठच्या वर्गात अशी चारेक मुलं असतात, लपवाछपवी करू नका, वर्गात मोकळेपणानं बोला."

मी म्हणाले होते. चारेकचा आकडा २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला, तेरा ते सतरा वयात सुमारे सात टक्के. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता, तरी मी ठोकून द्यायचे. मोकळेपणानं बोला हे वाक्य मात्र माझं स्वतःचं.

त्यानंतर बरेच महिने मी एकही चिठ्ठी दिली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, तुमचं तुम्ही ठरवा. याला मी तेव्हा शहाणपण समजत होते. मग आठवीतली एक मुलगी आली. गोळीच्या गुंगीनं पहिल्या तासाला डुलकी लागायची, म्हणून तिला मैदानात उन्हात उभं करायचे. शाळेला काहीच ठाऊक नव्हतं. कसं ठाऊक असेल? सांगणारी मीच तोंड शिवून बसलेली.

आता चिठ्ठी मुलासमोर लिहिते आणि पेन त्याच्या हातात देते: नको ते खोड. आजाराचं नाव बहुतेक सगळे खोडतात. एकानं खोडत खोडत एवढंच ठेवलं, 'मधल्या सुट्टीनंतर वर्गात यायला दहा मिनिटे उशीर झाल्यास चालेल.' मुख्याध्यापकांचा मला फोन: हे कसलं मेडिकल सर्टिफिकेट? बरोबर आहे त्यांचं, नाहीच ते. शाळेतल्या एकाच माणसाला सांगायचं, माणूस मुलानंच निवडायचा, असंही करून बघते. एकीनं शिपाईमावशी निवडल्या. ते जमलं. दुसऱ्यानं पीटीचे सर निवडले, दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. आणि गुरुवारी, आमच्या ओपीडीच्या दिवशी, सिव्हिलला कोण उतरतं हे एस्टीच्या कंडक्टरला ठाऊक असतंच, तर माझ्या खाडाखोडीनं लपतं काय, हेही मनात येतं.

तो मुलगा त्या शाळेत परत गेला नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसला, पास झाला. मला पेढे आले नाहीत. दुसऱ्याकडून कळलं.

परवा त्याची आई स्टँडवर भेटली. सोबत शेजारीण होती. मी ओळख दाखवू की नको अशा विचारात असताना तीच पुढे आली आणि शेजारणीला म्हणाली, "ह्या त्या मॅडम. पोराला कावीळ झालेली ना, तेव्हा ह्यांनीच सगळं बघितलं."

शेजारीण म्हणाली, "फार दिवस होती म्हणे."

"हो," मी म्हटलं. "फार दिवस होती."