आखाजीच्या गाण्यांच्या चाळीस डिस्क

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. जळगावातल्या आमच्या दुकानात एक गृहस्थ गाडीचा प्लेअरच काढून घेऊन आले. "भाऊ, डिस्क गाडीमा अडकी गयी." आत घरच्या बायकांनी म्हटलेल्या अहिराणी गाण्यांची सीडी होती आणि तिच्यावर कागदी स्टिकर. बंद गाडी उन्हात तापली, स्टिकरचा गोंद सुटला, कड उचलली आणि फटीत रुतून बसली. सीडी जेमतेम १.२ मिमी जाड असते. डिस्क आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये उचललेल्या कागदाला जागाच नाही. स्टिकर जरासा तिरका बसला तरी वेगात फिरताना डिस्क थरथरते. आणि तो सोलायचा नाही! सीडीचा चकाकता थर वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो, तो स्टिकरबरोबर निघून येतो.

मूळ ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर होतं, हे नशीब. माहेरी येणाऱ्या लेकींना द्यायला चाळीस सीडी हव्या होत्या. पांढऱ्या, इंकजेट प्रिंटेबल, म्हणजे वरच्या बाजूवर थेट शाईनं छापता येतं अशा कोऱ्या डिस्क घेतल्या. आधी बर्न, म्हणजे डिस्कवर गाणी उतरवणं, मग पडताळणी, छपाई शेवटी. उलटं केलं तर बिघडलेल्या डिस्कबरोबर शाईही वाया जाते.

डिझाइन १२० मिमीच्या चौकोनात, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे बाजू १४१७ पिक्सेल. छापायचं मात्र बाहेरून ११७ मिमीपर्यंतच आणि मधलं भोक धरून २४ मिमीचं वर्तुळ कोरं. रंग कडेबाहेर गेला की शाई ट्रेवर पडते आणि पुढच्या डिस्कच्या वाचायच्या बाजूला लागते. पहिली छपाई वाया गेलेल्या डिस्कवर केली, तर चित्र डावीकडे १ मिमी सरकलेलं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तेवढं उजवीकडे घेतलं.

नाव कडेनं गोल फिरवायची मागणी होती. वळणावर देवनागरीची शिरोरेषा अक्षराअक्षरात तुटते, वेलांट्या उडतात. 'आखाजीना गाना' भोकाच्या वर सरळ ओळीतच ठेवलं. ते दिसलंही जास्त देखणं.

खरी अडचण संध्याकाळी आली. बारा डिस्क वाळत ठेवल्या होत्या. दोन तासांनी बोट लावलं, तर जांभळी पार्श्वभूमी बोटावर! समोर कूलर चालू होता. त्याची ओली हवा थेट डिस्कवर येत होती, आणि डाय शाई पाण्यात विरघळणारी. प्रिंटरमधला मीडिया टाइपही, म्हणजे कशावर छापायचं ते सेटिंग, 'फोटो पेपर'वर राहिलेला, त्यामुळे शाई गरजेपेक्षा जास्त पडलेली. तो बदलून सीडी-डीव्हीडी केला, जांभळा दोन छटा फिका केला, त्या बारांऐवजी नव्या बारा डिस्क बर्न करून छापल्या. वाळवायला आतली खोली घेतली: कूलर बंद, पंखा मंद, डिस्क सुट्या सुट्या. अंगणातलं ऊन मोहात पाडतं, पण रेकॉर्डेबल डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उन्हानं खराब होतो, गाणीच जातात.

चोवीस तास तशाच ठेवल्या आणि मगच पाकिटात घातल्या.