चालू आहे, पण कधीपासून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रौढांना इंग्रजी शिकवते म्हटल्यावर ओळखीचे, अनोळखी सगळे फिरून फिरून एकच विचारतात: ‘मॅडम, दहा वर्षं मी याच कंपनीत काम करतोय, हे इंग्रजीत कसं सांगायचं? ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हटलं की लोक चूक काढतात. पण काम तर चालूच आहे ना?’

चालूच आहे, आणि गोची तिथेच आहे. शाळेत प्रेझेंट कंटिन्युअसला आपण ‘चालू वर्तमानकाळ’ म्हणून पाठ केलं. तेव्हापासून जे जे चालू त्याला ‘इंग’ लावायचं, अशी खूणगाठ बसली. इंग्रजीतल्या या ‘इंग’चा आवाका मात्र लहान आहे. आत्ता या क्षणी चाललेलं, किंवा हल्ली चाललेलं आणि पुढे कधीतरी थांबेलसं वाटणारं, एवढंच तो सहसा सांगतो.

हा फरक आपल्याला नवा नाही. ‘मी नाशिकला राहते’ आणि ‘मी सध्या नाशिकला राहतेय’ यातलं बिऱ्हाड कुठलं पक्कं, ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘मला पुणं आवडतं’ म्हणणारा आणि ‘मला पुणं आवडतंय’ म्हणणारा, यातला दुसरा नुकताच आलाय हेही लगेच ओळखू येतं. मग पंचवटीत तीन पिढ्या काढलेला माणूस मुलाखतीत ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक’ म्हणतो, तेव्हा इंग्रज कानाला काय ऐकू येत असेल? सध्या मुक्काम नाशिक. तिथे साधं ‘आय लिव्ह इन नाशिक’ हवं.

मराठी ‘तोय-तेय’ बाबतीत फार उदार आहे. समजतंय, कळतंय, वाटतंय, पटतंय, सगळं चालतं. त्यातूनच ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नोइंग हिम’ आणि ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ जन्माला येतात. जाणणं, आवडणं, मालकीचं असणं या क्रियापदांना इंग्रजी एरवी ‘इंग’ लावू देत नाही. ‘मग मॅकडोनल्ड्सचं काय?’ असं वर्गात कुणीतरी विचारतंच. बरोबर आहे. ‘आय ॲम लव्हिंग इट’ ही त्यांची मोहीम 2003 साली सुरू झाली, आणि ती लक्षात राहिली त्यात या मोडलेल्या संकेताचाही वाटा आहे, असं मला वाटतं. गंमत म्हणजे तिची सुरुवात म्युनिकमध्ये झाली आणि तिथली ओळ होती ‘इश लीबं एस’, म्हणजे साधं ‘मला आवडतं’. जर्मनमध्ये ‘इंग’सारखा वेगळा काळच नाही.

जर्मनचा विषय निघालाच आहे तर, पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्या मुलांना ‘मी दहा वर्षं इथे राहतोय’ हे वाक्य इंग्रजीपेक्षा सोपं जातं. जर्मन माणूस तिथे आपल्यासारखाच वर्तमानकाळ वापरतो. फ्रेंचही तेच करतात, हिंदीही. त्यामुळे इंग्रजी शिकताना जर्मन आणि फ्रेंच माणसं नेमकी आपलीच चूक करतात. तऱ्हेवाईक आहे ती इंग्रजी, आपण नव्हे. किती काळ ते सांगितलं, की तिला मागची सुरुवात आणि आजचा दिवस एकाच क्रियापदात बांधायचे असतात. म्हणून ‘हॅव’ लागतो: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’.

हे ‘हॅव बीन’ फार परकं वाटत असेल तर मी एक मराठी वाक्य म्हणायला लावते: ‘लहानपणापासून मी हेच ऐकत आलोय.’ ‘ऐकतोय’ नव्हे, ‘ऐकत आलोय’. मागून निघून इथवर पोचलेली क्रिया, अजून न थांबलेली. मनातल्या वाक्यात ‘करत आलोय’, ‘सांगत आलेय’, ‘देत आलोय’ बसत असेल, तर इंग्रजीत ‘हॅव बीन’ बहुतेक हमखास बसतं. ‘राहत आलोय’ जरा अवघडलेलं वाटतं, मान्य. पण अर्थ तोच आहे, आणि हे काही मोठ्यांदा म्हणायचं नाही. ‘ओळखणं’सारखं क्रियापद असेल तर ‘इंग’ गळतो, ‘हॅव’ राहतो: ‘आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड’.

‘सिन्स टेन इयर्स’चा दोष मात्र आपल्या ‘पासून’चा. ‘2014 पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’, दोन्हीकडे आपलं एकच शेपूट. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ आणि मोजलेल्या काळाला ‘फॉर’.

‘हॅव लिव्ह्ड’ की ‘हॅव बीन लिव्हिंग’, यावर मी कुणाला झोप घालवू देत नाही. राहणं आणि नोकरी करणं यांत दोन्ही चालतात. फरक पडतो तो संपू शकणाऱ्या कामांत. ‘आय हॅव रेड द रिपोर्ट’ म्हणजे वाचलाय. ‘आय हॅव बीन रीडिंग द रिपोर्ट’ म्हणजे वाचतेय, संपला असेलच असं नाही. साहेबाला यातलं कुठलं कळवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आपापसात ‘आय ॲम हॅविंग फीवर’ म्हटलं तर काही बिघडत नाही. सगळ्यांना कळतं, आणि त्यावर हसणाऱ्यांचा मला रागच येतो. खरी काळजी दुसऱ्या चुकीची. ‘सिन्स’ आणि ‘इंग’ची धास्ती घेतलेली माणसं साध्या भूतकाळाचा आसरा घेतात. ‘आय वर्क्ड देअर फॉर टेन इयर्स’ ऐकणारा समजतो की नोकरी सोडली. ‘माय ग्रँडमदर लिव्ह्ड इन धिस हाऊस फॉर सिक्स्टी इयर्स’ म्हणाल तर समोरचा हळहळेल, आणि आजी आत भाजी निवडत असेल.

मुलांकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांची शिकवणी असली की मी बाकी व्याकरण बाजूला ठेवते आणि डॉक्टरांपुढची वाक्यं घोटून घेते. ‘ही हॅड चेस्ट पेन फॉर टू डेज’ यातून डॉक्टर समजतात की दुखणं येऊन गेलं. अजून दुखत असेल तर ‘ही हॅज हॅड चेस्ट पेन फॉर टू डेज’. ‘हॅज हॅड’ म्हणताना जीभ अडखळते, दोनदा ‘ह’ कशाला म्हणून माणसं एक गाळतात. नाहीच जमलं तर मी सांगते, दोन तुकडे करा: ‘ही हॅज चेस्ट पेन. इट स्टार्टेड टू डेज अगो.’