आधी खड्डा, मग पावडर : आमची वाटचाल

गोठ्यातलं शेणपाणी कुजवणारी जीवाणूंची पावडर आम्ही नवरा-बायको बनवतो, त्याची ही गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यात दूध हा नुसता जोडधंदा राहिलेला नाही. 1963 साली गोकुळ दूध संघ उभा राहिला, पलीकडे वारणा उभं राहिलं, आणि गावागावांत सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागू लागली. गंगावेशीतल्या कट्ट्यावर आजही म्हैस समोर उभी करून धार काढून देतात आणि लोक तिथंच ग्लास रिकामा करतात. दुधाचं हे कौतुक रास्तच आहे. पण त्याच म्हशीच्या शेणामुताचं पुढं काय होतं, हे विचारायची पूर्वी वेळच येत नव्हती. परड्यात दोन-चार जनावरं असायची. शेण पाटीनं उकिरड्यावर जायचं, मूत मुरमात मुरायचं, चघाळ त्यावरच पडायचं आणि उन्हाळ्यात सगळं खत होऊन रानात पसरायचं.

गोठे मोठे झाले आणि हे गणित मोडलं. पन्नास-शंभर जनावरं, खाली कोबा, त्यावर रबरी मॅट आणि धुवायला प्रेशर पंप. एक मोठी म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते, आठ-दहा लिटर मूत वेगळं. त्यात धुण्याचं पन्नास लिटर पाणी मिसळलं की पाटीनं उचलायचं शेण वाहतं होतं. पन्नास म्हशींच्या गोठ्यातून रोज चार हजार लिटर शेणपाणी निघतं. ते सोडायला मागं एक खड्डा काढलेला असतो आणि खड्डा भरला की बांधाकडेचा ओढा जवळ असतो.

ओढ्याला गेलेलं हे पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळतं. घरच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्याचं माप, लिटरला दोनशे ते चारशे मिलिग्रॅम असतो. पाणी न मिसळलेल्या शेणकाल्याचा दहा हजारांच्याही वर जातो. उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली की तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येतात. त्यात शहरांचं सांडपाणी असतं, कारखान्यांचंही असतं, पण आपल्या गोठ्यांचा वाटा त्यात नाही असं म्हणायची माझी तयारी नाही. या धंद्यात आम्ही उतरलो ते यासाठीच.

मी शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केली आणि काही वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासलं. माझा नवरा शिरोलीच्या फौंड्रीत मेंटेनन्सला होता. माझं माहेर करवीर तालुक्यातलं. भावानं गोठा वाढवला आणि पाठोपाठ मागच्या खड्ड्याच्या वासावरून शेजाऱ्यांशी वाद सुरू झाले. तेव्हा बाजारात खड्ड्यात टाकायच्या जीवाणूंच्या पुड्या मिळत होत्या. त्यावर नावं मोठी मोठी, पण लॅबमधल्या प्लेटवर वाढवून पाहिलं तर काहींत जिवंत म्हणण्यासारखं जवळपास काहीच निघालं नाही. चांगलं कल्चर, म्हणजे जिवंत जीवाणूंचं विरजण, आपणच करावं असं तिथून डोक्यात आलं. पतसंस्थेचं कर्ज काढून गोकुळ शिरगावात भाड्याच्या शेडमध्ये आम्ही सुरुवात केली. फर्मेंटरची, म्हणजे जीवाणू वाढवायची, टाकी नवऱ्यानं स्वतः वेल्डिंग करून बांधली.

आमच्या कल्चरमध्ये मुख्य भरणा बॅसिलस जातीच्या जीवाणूंचा असतो. बॅसिलस सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस, अमायलोलिक्विफेशियन्स. हे जीवाणू बीजाणू धरतात, म्हणजे कवचात झोपून राहतात, म्हणून पावडरीत महिनोन्‌महिने टिकतात आणि ओलावा मिळाला की पुन्हा जागे होतात. त्यांच्या विकरांनी (एन्झाइमांनी) पेंडीतलं न पचलेलं प्रथिन, पिष्ट, स्निग्ध सुटं होतं. काडीला कडक ठेवणाऱ्या लिग्निनला मात्र ते फारसे पुरे पडत नाहीत. उसाच्या वाड्याचा आणि कडब्याचा चोथा वर तरंगून जो जाड थर धरतो, तो पावडर टाकून आपोआप विरघळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग शेणात आधीच एवढे जीवाणू असताना वरून टाकायचेच कशाला? हा प्रश्न प्रत्येक गोठेवाला विचारतो आणि तो विचारायलाच हवा. खड्ड्यात काम दोन टप्प्यांत चालतं. पहिले जीवाणू सेंद्रिय पदार्थ फोडून आम्ल बनवतात. दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात. हे दुसरे हळू वाढतात आणि सामू (पीएच) साधारण 6.8 ते 7.4 असेल तरच खूश असतात. खड्ड्यावर एकदम जास्त भार पडला, थंडी आली किंवा वरचा थर घट्ट बसला की आम्लवाले पुढं पळतात, मिथेनवाले मागं पडतात आणि अर्धवट कुजल्याचा तो भपकारा सुटतो. आमचं कल्चर पहिल्या फोडणीचं काम नीट करतं आणि वास देणारे घटक खातं, पण मिथेनवाल्यांची जागा ते घेऊ शकत नाही. शिवाय रोज पाणी येतं, रोज पाणी जातं, त्याबरोबर टाकलेले जीवाणूही वाहून जातात. म्हणून पहिला डोस मोठा आणि नंतर आठवड्याला थोडा थोडा, विरजण लावल्यासारखा. डोस आदल्या रात्री गुळाच्या पाण्यात भिजवायचा. गुळाची आपल्याकडे वानवा नाही. पाणी मात्र विहिरीचं किंवा बोअरचं घ्यायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणूंना मारक असतं.

सुरुवातीपासून आम्ही एक शिस्त ठेवली : खड्डा पाहिल्याशिवाय पावडर द्यायची नाही. पाहण्याचं आमचं मुख्य अवजार म्हणजे लांब बांबू. त्याला खालून वरपर्यंत जुन्या धोतराची पांढरी पट्टी गुंडाळायची. काठावर उभं राहून बांबू सरळ खाली सोडायचा, तळाला टेकला की थोडा वेळ धरायचा आणि हळूच वर काढायचा. वरच्या पाण्यानं पट्टी पिवळट-तपकिरी झालेली असते. गाळ जिथून सुरू होतो तिथून पुढं ती काळी कुळकुळीत आणि तंतूंनी माखलेली असते. त्या रेघेवर बोट ठेवून मालकाला दाखवायचं, "आण्णा, खड्डा दहा फुटांचा हाय, पण पाण्याला जागा तीनच फूट उरलीया." बहुतेकांनी हे कधी पाहिलेलंच नसतं. एवढा गाळ असलेल्या खड्ड्यात आलेलं शेणपाणी चार दिवसही थांबत नाही, आणि कुजायला वेळच नाही तर जीवाणू काय करणार? अशा ठिकाणी आम्ही आधी गाळ काढायला लावतो. तळाला वाळू-माती किती आहे तेही बघतो, कारण वाळू कुठल्याच जीवाणूला पचत नाही.

त्यानंतर पाण्याचा वापर. आधी फावड्यानं शेण ओढून घ्या, मग धुवा, एवढं ऐकलं तरी खड्ड्याचा भार कितीतरी हलका होतो. पत्र्याच्या पन्हाळीचं पावसाचं पाणी खड्ड्यात येत असेल तर ते वेगळं काढायचं. गोबरगॅस असलेल्यांना हे दुप्पट लागू आहे. शेणाला शेणाइतकंच पाणी घातलं तर गॅस चांगला तयार होतो, पण प्रेशर पंपाचं पातळ पाणी आत सोडलं की तो घटतो आणि दोष टाकीला जातो.

चोथा गाळायचं यंत्र ही आमच्या नवऱ्या-बायकोच्या धंद्याची दुसरी बाजू. जाळी, स्क्रू आणि मोटार. शेणपाणी आत गेलं की एका बाजूनं दाबलेला कोरडा चोथा पडतो, दुसऱ्या बाजूनं पातळ पाणी. बाहेरून येणारी यंत्रं आपल्या गोठेवाल्याला परवडत नव्हती. फौंड्रीचं गाव आहे, म्हटल्यावर नवऱ्यानं स्थानिक कास्टिंग वापरून लहान यंत्र बसवलं. चोथा खड्ड्यात गेलाच नाही तर वरचा थर धरतच नाही. तो चोथा वाळवून काहीजण जनावरांच्या खाली अंथरतात, काही गांडूळखताला घालतात. आज पावडरीपेक्षा या यंत्राची मागणी जास्त आहे आणि मला त्यात समाधान आहे.

जीवाणूंना मारणाऱ्या गोष्टी गोठ्यातच असतात. फिनेल, पाइपलाइन धुवायचं ॲसिड आणि कॉस्टिक, खुरांसाठी पाय बुडवायच्या हौदातलं मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट. मोरचूदाचं पाणी एकदम खड्ड्यात ओतलं की तांब्यानं कल्चर मरतं. शिवाय तांबं कुजत नाही. ते गाळात साठतं आणि गाळाबरोबर रानात जातं. हौद रिकामा करायची जागा वेगळी ठेवा, हे आम्ही प्रत्येक गोठ्यात भिंतीवर लिहूनच देतो.

पन्हाळा तालुक्यातल्या एका मावशींचा फोन मला चांगला आठवतो. आवाज घाबरलेला. "ताई, खड्ड्यातलं पाणी गुलाबी झालंया. म्हसरांस्नी काय बाधलं न्हाई न्हवं?" मी फोटो मागवला. खरोखरच खड्डाभर जांभळट गुलाबी रंग चढला होता. ती जांभळ्या प्रकाशजीवी जीवाणूंची वाढ होती. हे जीवाणू उजेडात वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड वापरून टाकतात. खड्डा बेतात चालला असल्याची ही खूण. "वास येतोय का हो अजून?" असं विचारल्यावर मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "न्हाई की. मघापासनं हितंच हुभी हाय."

हायड्रोजन सल्फाइडबद्दल मात्र मी कुणाचीही भीड धरत नाही. थोडा असेल तर नाकाला कळतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. बंदिस्त टाकीत एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. गाळ ढवळताना हा वायू एकदम सुटतो. म्हणून ढवळणी सुरू करायच्या आधी जवळची जनावरं बाहेर, माणसं वारा जिकडून येतो त्या बाजूला, आणि टाकीत उतरणं कुणालाच नाही. अडकलेला पाइप काढायलासुद्धा नाही. आमच्याकडं कामाला असलेल्या पोरांच्या कमरेला वायू मोजायचं यंत्र असतं. त्याचा खर्च गिऱ्हाइकाला वेगळा दाखवत बसलो नाही, बिलात धरला.

2019 आणि 2021 च्या महापुरांनी खड्ड्याची जागा कुठं असावी याचा निकाल लावला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. दोन्ही वर्षी पाणी पन्नास फुटांच्या पुढं गेलं. चिखली, आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत गोठे पाण्यात गेले आणि नदीकाठचे खड्डे पुरात मिसळले. त्यानंतर पूररेषेच्या आत नवा खड्डा असेल तर आम्ही काम घेत नाही. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि शेणपाणी विहिरीपर्यंत पोचतं, म्हणून तिथं जाड प्लॅस्टिकच्या अस्तराशिवाय खड्डा काढू देत नाही. जूनच्या आधी खड्डा निम्मा रिकामा हवा, कारण पावसाळ्यात रान ओलं असतं आणि स्लरी, म्हणजे हे शेणपाणी, टाकायला जागाच नसते.

नाही म्हणावं लागतं ते आणखी एका गोष्टीला. "ओढ्यात सोडता येईल असं पाणी करून द्या, मॅडम," असं लोक म्हणतात. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. दहा हजारांतले नव्वद टक्के गेले तरी हजार उरतातच. त्यात शेणातलं स्फुरद (फॉस्फरस) हे जीवाणू खाऊन संपवत नाहीत; ते गाळात बसतं. म्हणून हे पाणी ओढ्याचं नव्हे, रानाचंच. वरचं पाणी नत्र आणि पालाश घेऊन हत्ती गवताला, उसाला, पाटाच्या पाण्यात मिसळून द्यायचं. स्फुरदाचा गाळ लागणीच्या आधी जमिनीत घालायचा. शिरोळकडच्या क्षारपड रानात मात्र क्षार मोजल्याशिवाय थेंबही टाकायचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये गोठ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून मोठे गोठेवाले स्वतःहून विचारायला येतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. गोठेवाल्याच्या हातात पैसा दहा दिवसांच्या दूध बिलानं येतो, म्हणून आमचे हप्तेही तसेच बांधले. उधारी बुडण्याचं प्रमाण त्यामुळं खूप खाली आलं. आज शेडमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या दोन मुली आहेत. प्रत्येक बॅचची प्लेट मोजून, एका ग्रॅममध्ये शंभर कोटी जिवंत पेशी भरल्याशिवाय पाकीट बाहेर जात नाही. नवरा आता ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारं गाळणी यंत्र बसवतोय. एका गावातल्या चार-पाच लहान गोठ्यांनी मिळून ते घ्यावं आणि वाराप्रमाणं वापरावं, अशी कल्पना आहे. कागल तालुक्यात एका ठिकाणी बोलणी झाली आहेत, दिवाळीनंतर उसाच्या तोडी सुरू व्हायच्या आत ते बसवायचं ठरलंय.